जिवंत माणसाचं तेरावं

जिल्ह्याच्या उत्तरेकडच्या एका गावात आसाराम नावाच्या म्हाताऱ्यानं आपला धडधाकट पोरगा मेला असं सांगून सुनेला फसवलं. ज्या कचेरीनं त्या सुनेला पोटगी मिळवून द्यायची, त्या आमच्याच कचेरीनं ते खरं मानून टाकलं. आधी एवढं लिहून ठेवतो, बाकीचं सावकाश सांगतो. नावं बदलली आहेत, गावाचं आणि तालुक्याचं नाव घेत नाही. पण हे ज्यांच्याबद्दल आहे त्यांनी वाचलं तर ते स्वतःला ओळखतील. ओळखावंच.

मी कोर्टात बेलिफ होतो. बेलिफ म्हणजे काय हे चांगल्या शिकलेल्या माणसांनाही सांगता येत नाही. त्यांना वाटतं, पोलिसाचाच एखादा प्रकार. पोलिसाजवळ काठी असते, गाडी असते, मुख्य म्हणजे सोबत दुसरा पोलीस असतो. बेलिफाजवळ पिशवी असते. पिशवीत कोर्टाचे कागद, जेवणाचा डबा आणि पाण्याची बाटली. न्यायाधीश निकाल देतात की अमक्यानं बायकोला आणि लेकराला दरमहा पोटगी द्यावी. बाईला वाटतं, सुटलो. तिथून तर सगळं सुरू होतं. नवरा देत नाही. बाई पुन्हा अर्ज करते, कोर्ट नोटीस काढतं, मग जप्तीचं वॉरंट काढतं आणि ते माझ्या पिशवीत येऊन पडतं. पकडून आणायचं वॉरंट पोलिसांचं, ते वेगळं. माझं काम म्हणजे गाव गाठायचं, माणूस गाठायचा, कागद त्याच्या हातात द्यायचा, तरी ऐकत नसेल तर घरातली वस्तू जप्त करायची आणि काय घडलं त्याचा अहवाल नाझरसाहेबांना द्यायचा. नाझर म्हणजे आम्हा बेलिफांना कामं वाटून देणारा आणि आमचे अहवाल न्यायाधीशांपुढे पाठवणारा अधिकारी.

माझा बाप जालन्याच्या गुरांच्या बाजारात दलाल होता. तिथं बैलाचा भाव तोंडानं करत नाहीत. घेणारा आणि देणारा समोरासमोर बसतात, हातांवर रुमाल टाकतात आणि रुमालाखाली एकमेकांची बोटं धरून आकडा कळवतात. आजूबाजूला पन्नास माणसं उभी असली तरी भाव दोघांनाच ठाऊक. शेवटी पूर्ण पंजा आवळला की सौदा पक्का. त्यानंतर मागे फिरलेल्या माणसाशी बाजारात कुणी चहासुद्धा पीत नाही. मी या बाजारात वाढलो. बाप लवकर गेला. मी हमाली केली, कोर्टात शिपाई म्हणून लागलो आणि साहेब लोकांना पाणी देता देता बेलिफ झालो. कुणाच्या चिठ्ठीवर झालो नाही. डोकं माझं पहिल्यापासून गरम. त्याची किंमतही मीच मोजली आहे, दुसऱ्या कुणी नाही.

कायद्यानं बेलिफाला सौदा करायचा अधिकार नाही. पण दारात उभं राहिल्यावर कायदा थोडाच पुढे होऊन बोलतो? एकाच्या घरी जप्तीला गेलो. टीव्ही भावाचा, कपाट मेव्हण्याचं, मोटरसायकल मित्राची. स्वतःचं म्हणावं असं त्या घरात फक्त त्याचं तोंड होतं. अंगणात शेळी बांधलेली होती. "ही कोनाची?" म्हटलं. "सोयऱ्याची हाय सायेब. चरायला आणून बांधलीय." शेळीचं दावं सोडलं आणि चालायला लागलो. हा मागून पळत आला. "सायेब, गाभण हाय ती!" मी म्हटलं, "सोयऱ्याची शेळी गाभण हाय, तर तू कशाला घाबरून राह्यला?" मग तिथंच रस्त्यात, शेळीला मध्ये उभी करून, आमचा सौदा झाला. त्याच्या बायकोला त्या महिन्यात पोटगी मिळाली.

माणूस शोधायची माझी एक पद्धत होती. वॉरंटावर पत्ता लिहिलेला असतो, पण बायकोला सोडलेला माणूस पत्त्यावर कशाला बसेल? तो त्याच्या सवयीत बसलेला असतो. म्हणून मी वॉरंट घेऊन आधी बायकोकडे जायचो आणि विचारायचो, "बाई, त्याला काय सोडवत न्हाई?" बायका आधी चिडायच्या, मग सांगायच्या. एकीनं सांगितलं, तो जेवायला बसला की कांदा बुक्कीनं फोडतो आणि पहिला तुकडा कपाळाला लावून मग खातो. तो एमआयडीसीत सळईच्या मिलमध्ये होता. गेटवर विचारलं तर, अशा नावाचा कुणीच नाही. मी दुपारी कामगारांच्या घोळक्यात डबा उघडून बसलो. काजळीनं सगळ्यांची तोंडं सारखीच काळी. तेवढ्यात एकानं कांदा फोडला आणि कपाळाला लावला. मी त्याच्याकडे न बघताच त्याच्या नावानं हाक मारली. त्यानं "ओ" दिली. दिल्यावर त्याला कळलं. आम्ही दोघं हसलो. मग नोटीस दिली.

असं सगळं असलं तरी या नोकरीत माणूस एकटा पडतो, आणि तो एकटेपणा रिटायर झाल्यावरही सुटत नाही. मी गावात शिरलो की पारावरची माणसं उठून जायची. ज्याच्यावर कागद नाही तोही उठायचा. पाणी मागितलं तर घरातून "घागर रिकामी हाय" असं उत्तर यायचं आणि मागच्या दारानं कुणीतरी पळायचं. केदारखेड्याकडे काम असलं की मी गावाबाहेरच्या चिंचेखाली डबा खायचो. तिथं एक कुत्रं यायचं. त्याला अर्धी भाकर द्यायचो. त्या रस्त्यावर माझी तेवढीच ओळख. एकदा माझ्या सख्ख्या मावसभावाच्या पोरीचं लग्न होतं. मी मांडवात शिरलो आणि नवरदेवाचा चुलता समोरचं ताट सोडून पळाला. ज्याच्या नावाचा कागद महिनाभर माझ्या पिशवीत पडून होता तो हाच, हे मला तिथंच कळलं. त्यानंतर नातेवाइकांच्या पत्रिका बायकोच्या नावानं यायला लागल्या. बायको म्हणायची, "तुमी नका येऊ, लोकांचं जेवन बी सुखानं व्हत न्हाई." ती गेली. आता पत्रिका येतच नाहीत.

छायाचं वॉरंट याच काळातलं. छाया म्हणजे आसारामची सून, रामकिसनची बायको. नवऱ्यानं घराबाहेर काढल्यावर ती लहान लेक घेऊन भावाकडे राहत होती. भावाच्या घरात तिला पडवी दिली होती. मी गेलो तेव्हा ती भावाच्या म्हशींचं शेण काढत होती. हात धुवून आली, पदर सारखा केला आणि उभी राहिली.

मी नेहमीचा प्रश्न विचारला. "त्याला काय सोडवत न्हाई?"

"मला तर लगेच सोडवलं की," ती म्हणाली. मग जरा विचार करून म्हणाली, "बैलाची शिंगं. पोळा आला की घरचं काम टाकून गावाच्या बैलांची शिंगं साळत बसतो. दुसरं काई येत न्हाई, पन शिंगं अशी साळतो की आरशावानी. डावखुरा हाय. त्याच्या हातची शिंगं वेगळी वळखू येतात."

शिंगं साळणं म्हणजे तासून, घासून गुळगुळीत करणं, मग त्यावर रंग आणि टोकांना पितळी शेंब्या चढवणं. मी बाजारातला माणूस, ही गोष्ट माझ्या डोक्यात बसली. तिची लेक दाराआडून बघत होती. मी तिला विचारलं, "शाळंत जाती का?" ती म्हणाली, "बाबा आल्यावर दप्तर घेऊन देनार." छाया लगेच म्हणाली, "कोनी सांगितलं तुला? गप बस."

मी आसारामच्या गावी गेलो तेव्हा गावात शिरतानाच मांडव दिसला. ओट्यावर डोकी भादरलेले रामकिसनचे दोन भाऊ बसलेले. मी पिशवी सांभाळत उभा राहिलो. एक म्हातारा, तोच आसाराम, हात जोडून पुढे आला.

"या सायेब. कागद असंल तर आता कोनाला देता? रामकिसन गेला आमचा. आज तेरावं हाय."

"कवा? कुठं?"

"कर्नाटकात ऊसतोडीला गेल्ता. तिकडंच छातीत दुखलं. तिकडंच उरकलं सगळं. बसा, जेवून जा. दारातून उपाशी जाऊ नका."

आता इथं मी खरं सांगतो. एवढ्या वर्षांच्या नोकरीत मला कुणी "बसा, जेवून जा" म्हटलं नव्हतं. एका पोरानं हातावर पाणी घातलं. पंगतीत दोन्ही बाजूंची माणसं सरकली आणि मला मध्ये जागा दिली. पत्रावळीवर वांग्याची भाजी, पुरी, वरण, बुंदी. शेजारचा म्हातारा म्हणाला, "सायेबाला भाजी वाढा रे." वाढणारा म्हणाला, "लाजू नका, आपलंच घर समजा." मला भूक तर होतीच, पण त्याहून जास्त बरं वाटत होतं. माणसांच्या रांगेत बसून, खांद्याला खांदा लावून जेवणं मी विसरलो होतो. मेलेल्या माणसाच्या घरी मला इतकं बरं वाटत होतं याची लाजही वाटली.

म्हातारी, रामकिसनची आई, बुंदी वाढत आली. माझ्यासमोर वाकली आणि हळूच म्हणाली, "नात मोठी झाली का हो?"

आसाराम तिकडून ओरडला, "तू आत जाय."

माझा हात पुरीवर थांबला. तेरा दिवसांपूर्वी पोटचा पोरगा गेलेली बाई नातीचं विचारते, ते मला समजण्यासारखं होतं. पण नात इथं का नाही? तिची आई इथं का नाही? आमच्याकडे नवरा मेला की भांडून माहेरी बसलेल्या बायकोलासुद्धा निरोप जातो. प्रेमानं नाही. तिच्या बांगड्या फोडायच्या असतात, कुंकू पुसायचं असतं. आणि सुनेवर राग असलेलं घर तर तिला सगळ्यात आधी ओढून आणतं. माहेरचे दुखवट्याची कापडं घेऊन येतात. मी पंगतीवरून नजर फिरवली. छायाच्या माहेरचं एक माणूस नव्हतं.

मी विचारलं, "आसारामबुवा, सून कुठं दिसत न्हाई?"

"तिला कशाला बोलवायचं? तिच्याच तळतळाटानं गेला त्यो."

"मंग तर आधी बोलवायला पायजे व्हती. तिच्या बांगड्या कोनी फोडल्या?"

सगळी पंगत थांबली. मघाशी भाजी वाढा म्हणणारा म्हातारा म्हणाला, "जेवत्या पानावर असं बोलतेत का सायेब?"

मी उठलो. ओरडलोच म्हणा. "तुमचा रामकिसन जिता हाय! तुमी डोकी भादरा न्हाई तर कान कापा, मला फसवता येनार न्हाई!" दोन्ही भाऊ खाली बघत बसले. आसाराम मात्र शांत होता. तो म्हणाला, "तुमी जेवलात सायेब. आता घरी जा." आणि मला त्या क्षणी कळलं की हा माझ्यापेक्षा भारी सौदेबाज आहे. त्यानं माझ्या पत्रावळीवर सगळं वाढून ठेवलं होतं, आणि मी खाल्लं होतं.

मी अहवालात लिहिलं की इसम मयत असल्याचे घरचे सांगतात, पुरावा नाही, माझी खात्री नाही, पुढील चौकशी व्हावी. नाझरसाहेबांनी तो वाचून माझ्याकडे पाहिलं.

"जिवंत पाहिलास त्याला?"

"नाही साहेब."

"मेलेला पाहिलास?"

"नाही."

"मग पाहिलंस काय?"

"तेरावं."

"नुसतं पाहिलंस?"

"जेवलो."

सगळी कचेरी हसली. साहेब म्हणाले, "जेवून आलास आणि वर म्हणतोस माणूस जिवंत आहे. अरे, वॉरंट बजावायला गेला होतास की पंगतीला?" मी टेबलावर हात आपटला. पाण्याचा ग्लास त्यांच्या कागदांवर सांडला. तो मुद्दाम सांडला नव्हता, पण ते कुणी मानलं नाही. साहेबांनी गावच्या पोलीस पाटलाचा आणि सरपंचाचा जबाब मागवला. दोघांनी लिहून दिलं की रामकिसन मयत आहे, आम्ही तेराव्याला हजर होतो. खोटं कुठं होतं? ते हजर होतेच. माझा अहवाल बाजूला राहिला, ते जबाब पुढे गेले. छायाच्या वकिलानं मृत्यूचा दाखला मागून लावून धरलं नाही, पोटगी देणारा नाही म्हणून प्रकरण बंद झालं. माझी बदली जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला झाली. कचेरीत मला "तेराव्याचा बेलिफ" म्हणायला लागले. ते नाव माझ्याआधी नव्या ठिकाणी पोचलं होतं.

जायच्या आधी छाया कोर्टाच्या व्हरांड्यात भेटली. वकिलानं तिला नुकतंच सांगितलं होतं. तिचा भाऊ तोंड फिरवून उभा होता. भावजय सोबत आली होती आणि तिनं तिथंच, सगळ्यांसमोर, छायाच्या हातातल्या बांगड्या काढायला सुरुवात केली होती. फोडायच्या की काढायच्या यावर दोघींची कुजबुज चालली होती. लेक आईचा पदर धरून उभी. छायानं मला पाहिलं.

"तुमी गेल्ता ना तिथं? पाह्यलं का त्याला?"

"न्हाई."

"मंग मेला कसा म्हनता?"

"मी न्हाई म्हनलो बाई. मी उलटं लिहिलं."

"मंग कोन म्हनलं?"

मी आतल्या दाराकडे बोट केलं. तिथून कुणी बाहेर आलं नाही. भावजयीनं शेवटची बांगडी काढली.

पुढे काही वर्षं गेली. नव्या ठिकाणी कागद घेऊन मला गोदाकाठच्या शहागडपर्यंत जावं लागायचं. महामार्ग, ट्रक, चहाच्या टपऱ्या, तिथं बेलिफाला कुणी ओळखत नव्हतं, म्हणून मला ते गाव आवडायचं. पोळा जवळ आला होता. टपरीजवळ एक बैलजोडी उभी होती. मी सवयीनं शिंगांवर हात फिरवला आणि हात तिथंच थांबला. शिंगं आरशासारखी होती. तासल्याच्या बारीक रेघा नेहमीच्या उलट दिशेनं गेल्या होत्या.

"कोनी साळली?" मी मालकाला विचारलं.

"डावऱ्यानं. पंक्चरवाल्याच्या मागं बसतो तो. नाव माह्या ध्यानात न्हाई बा. समदे डावऱ्याच म्हनतेत."

मी मागं गेलो. एक बैल पाडून बांधला होता आणि त्याच्या डोक्याशी एक माणूस उकिडवा बसून डाव्या हातानं कानस चालवत होता. मी म्हटलं, "रामकिसन."

कानस थांबली. मान वर झाली नाही. "इथं त्या नावाचं कोनी न्हाई."

"तुझ्या तेराव्याला जेवलो मी. बुंदी बरी व्हती."

तेव्हा त्यानं वर पाहिलं. मी तयारीत होतो, तो पळेल असं वाटलं होतं. तो पळाला नाही. त्यानं विचारलं, "कोन कोन आल्तं?"

मी सांगितलं. त्यानं प्रत्येकाचं नाव ऐकून मान हलवली. मग विचारलं, "माय रडली का?"

"तुझ्या लेकीचं विचारत व्हती."

त्यानं बैलाच्या शिंगावरचा भुसा पुसला. मग म्हणाला, "बापानं सांगितलं, तू एकदा मेला की कोर्ट बी मेलं. मला वाटलं, सहा-बारा महिन्यांनी जाऊ परत. पन गाव पंगत जेवलं सायेब. जेवलेल्या गावात परत कसं जाता येतं? पोरं दगडं मारतील, भूत म्हनतील." नदीच्या पुलाकडे हात करून म्हणाला, "माय गेली तवा भाऊ राख घेऊन इथंच आल्ते गोदावरीत सोडायला. मी वर पुलावर उभा व्हतो. खाली गेलो न्हाई. मेलेला मानूस मायची राख कशी सोडंल?"

मला त्याचा राग आला होता, तो तसाच राहिला. पण त्याच्याइतकं एकटं माणूस मी पाहिलं नव्हतं, आणि या बाबतीत मला थोडी माहिती आहे. आम्ही दोघं तिथं बसलो होतो आणि आजूबाजूला एकही माणूस आमच्याकडे बघत नव्हतं. त्यानं चहा मागवला. माझ्यासाठी कुणी चहा मागवावा, असं कितीतरी दिवसांनी घडत होतं. मी प्यालो.

मग सौद्याला बसलो. वॉरंट तर माझ्याकडे नव्हतंच, प्रकरण बंद होतं. माझ्याकडे फक्त माझा हात होता. मी रुमाल काढला. तोही बैलांतला माणूस, त्यानं ओळखलं. आधी मी सगळंच मागितलं. कोर्टात येऊन कबूल हो, मागची पोटगी दे, बापाचं खोटं सांग. तो रुमालाखाली बोटं सोडवून घ्यायचा. मी एकेक गोष्ट कमी करत गेलो, बैलाचा भाव उतरवतात तसा. शेवटी एकच राहिली. सोमवारी माझ्या जुन्या कोर्टाच्या पायऱ्यांवर येऊन नुसतं उभं राहायचं. छायानं आणि लेकीनं एकदा डोळ्यांनी बघायचं. पुढचं पुढे. त्यानं बराच वेळ हात तसाच ठेवला. मग माझा पंजा आवळला. पूर्ण. सौदा पक्का.

खिशात मोबाईल होता. फोटो काढता आला असता. पण पंजा आवळलेल्या माणसाचा फोटो काढणं मला कमीपणाचं वाटलं.

मी दुसऱ्याच दिवशी छायाच्या भावाच्या गावी गेलो. ती आता पांढऱ्या कपाळानं राहत होती. लेक केवढी वाढली होती. मी सांगितलं. छाया मटकन खाली बसली. रडली नाही. भावजय आतून म्हणाली, "बाई गं, आता हे काय नवीन?" छायानं एवढंच विचारलं, "सोमवारी किती वाजता?"

सोमवारी ती लेकीला घेऊन कोर्ट उघडायच्या आधी येऊन बसली होती. मी पायऱ्यांवर उभा. वकील आले, पक्षकार आले, नाझरसाहेब आले आणि मला बघून "काय, पंगत आहे का इथं?" म्हणून आत गेले. दुपार झाली. चहावाला दोनदा येऊन गेला. रामकिसन आला नाही. आणि तिथं उभ्या उभ्या मला कळलं की मी काय चूक केली. त्यानं पंजा आवळला तो डावा हात होता. बाजारात डाव्या हाताचा सौदा कुणी सौदा मानत नाही. माझ्या बापानं पहिल्या दिवशी मला हे शिकवलं होतं. पण माणूस डावखुरा, म्हणून मी त्याचा डावा हातच खरा मानला. त्याला माहीत होतं. बैलांतल्या माणसाला माहीत असणारच.

मी शहागडला गेलो. पंक्चरवाला म्हणाला, डावऱ्या ट्रकमध्ये बसून गेला, कुठं ते ठाऊक नाही. पोलीस ठाण्यात गेलो. तिथला हवालदार म्हणाला, "मेलेला माणूस हरवला अशी तक्रार कशी लिहून घेऊ काका? तुम्हीच सांगा." खरंच, कशी लिहिणार? मी ओरडून पाहिलं. मग बाहेर आलो. आता मी निवृत्त आहे. शोधायला कागदच नाही, आणि कागदाशिवाय मी कोण?

त्या सोमवारी संध्याकाळी, कोर्टाचं फाटक बंद होताना, छाया उठली. लेकीच्या अंगावरची धूळ झटकली. मला वाटलं, ती मला शिव्या देईल. मी तयार होतो. तिनं कपाळावर हात ठेवून विचारलं, "सायेब, मी आता काय करू? कुंकू लावू का नको? ह्या लेकीच्या लग्नाला उद्या सोयरे विचारतील, बाप हाय का न्हाई. काय सांगू त्यांला?"

याचं उत्तर रामकिसनला कागदावर मारणाऱ्यांनी द्यायचं. ते त्यांच्याजवळ आहे, म्हणून हे लिहितो आहे. आसाराम, म्हातारा झालास तरी अजून बोलतोस, तर तू सांग तिला. पोलीस पाटील, तू सही केलीस, तू सांग. नाझरसाहेब, आपण पेन्शन घेताय, सुखी असाल. त्या बाईचा भाऊ आजही त्याच गावात राहतो, घर सापडायला सोपं आहे. तुमच्यातल्या एकानं तिच्या दारात जावं, तिच्यासमोर उभं राहावं आणि तिला स्पष्ट सांगावं, तिनं कुंकू लावायचं की नाही.